अहमदनगरचे हबशी : परदेशी कीं दक्खनी?

(१)

निजामशाहीचीं साधनें चाळणाऱ्यास दोन शब्द पदोपदीं भेटतात : एक ‘दक्खनी’ आणि दुसरा ‘आफाकी’ अथवा ‘गरीब’, म्हणजे परदेशी. अहमदनगरच्या दरबारांतील कित्येक खून, बंडें आणि राज्यारोहणें ह्या दोन पक्षांच्या ओढाताणींतून झालीं आहेत. दक्खनी कोण, ह्याचें उत्तर वरवर पाहतां सोपें आहे. जे येथें जन्मले, अथवा ज्यांच्या कित्येक पिढ्या येथें नांदल्या, ते दक्खनी. आणि जे इराण, तुराण, अरबस्तान इत्यादि देशांतून आले, ते परदेशी. परंतु ही व्याख्या एका ठिकाणीं अडखळते. आफ्रिका खंडांतून, तांबड्या समुद्रापलीकडून आणलेला हबशी हा सामान्यतः दक्खनी पक्षांत मोडत असे. इस्फहानचा सय्यद नगरांत वीस वर्षें राहिला तरी परदेशीच; हबशी मात्र एका आयुष्यांत दक्खनी होई. असें कां व्हावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर केवळ नगरच्या दरबारांत सांपडावयाचें नाहीं. तें हबश देशाच्या भूगोलांत, तेथील राजकारणांत आणि तेथून निघणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर शोधिलें पाहिजे. म्हणून प्रथम त्या देशाकडे वळूं. (अहमदनगर शहर व जिल्हा ह्यांचें शासकीय नांव इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर असें आहे. जुन्या साधनांशीं मेळ राहावा म्हणून लेखांत पूर्वींचेंच नांव ठेविलें आहे.)

(२)

‘हबश’ हा शब्द अरबी होय. आजचे इथिओपिया व एरिट्रिया हे देश त्या नांवांत येतात. सह्याद्रीच्या आश्रयानें राहणाऱ्या आम्हां लोकांस ह्या देशाची कल्पना सहज करतां येईल. वर सहासात हजार फूट उंचीचें विस्तीर्ण पठार; त्याच्या पूर्वेस एकदम तुटलेला कडा; आणि कड्याखालीं समुद्रापर्यंत पसरलेली तप्त, ओसाड पट्टी. पठारावर पाऊस चांगला, जमीन सुपीक आणि वस्ती दाट. निळी नाईल नदी ह्याच पठारावरील ताना सरोवरांतून निघते. परंतु पठारावरील राजास समुद्र सहसा लाभला नाहीं. मसावा आणि झैला हीं बंदरें बहुधा दुसऱ्यांच्या हातीं राहिलीं. घाटमाथा एकाचा आणि बंदर दुसऱ्याचें, ही स्थिति आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. निजामशाहाचा मुलूख घाटावर आणि त्याचें बंदर चौल. पण चौलाच्या शेजारीं रेवदंड्यास पोर्तुगीज ठाण मांडून बसलेले. जो पठारावर राहतो त्याचें धान्य त्याचें असतें. पण त्याच्या देशांतून बाहेर काय जावें, हें पुष्कळदां बंदरावरचा मनुष्य ठरवितो.

धर्माच्या दृष्टीनें हा देश दुभंगलेला होता. अक्सूमचा राजा एझाना ह्यानें ख्रिस्ती शतकाच्या चौथ्या शतकांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केंत छळ होऊं लागला तेव्हां पैगंबराच्या कांहीं अनुयायांनीं ह्याच राजवटीचा आश्रय घेतला. पुढें पठारावर ख्रिस्ती राज्य आणि पूर्वेच्या सखल प्रदेशांत मुसलमानी अमीराती अशी विभागणी झाली. इ. स. १५२९ त अदलचा इमाम अहमद ह्यानें ख्रिस्ती राज्यावर मोठी चढाई केली. तिचा शेवट इ. स. १५४३ त त्याच्या मरणानें झाला. मध्यंतरीं इ. स. १५४१ त वास्को द गामा ह्याचा पुत्र क्रिस्तोव्हांव हा चारशें पोर्तुगीजांसह ख्रिस्ती राजाच्या मदतीस गेला आणि पुढल्या वर्षीं मारला गेला. इ. स. १५५७ त तुर्कांनीं मसावा घेतलें. दक्षिणेकडून ओरोमो लोकांच्या टोळ्या वर सरकत होत्या. म्हणजे ज्या पोर्तुगीजांशीं निजामशाह चौलास झुंजत होता तेच पोर्तुगीज, आणि ज्या तुर्की कारागिरीनें इ. स. १५४९ त अहमदनगरास ‘मलिक-ए-मैदान’ तोफ ओतली तेच तुर्क, हबश देशांतही परस्परांविरुद्ध उभे होते.

अशा युद्धांत जें पीक येतें तें कैद्यांचें. ख्रिस्ती व मुसलमानी सत्तांच्या सीमेवर कंबाता, हदिया, दामोत इत्यादि प्रदेशांत जे लोक राहत, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनीं धाडी पडत. त्यांचीं मुलें पकडून कड्याखालीं आणावीं, झैला किंवा मसावा येथें विकावीं, तेथून पलीकडच्या मोखा बंदरास न्यावीं, हा नेहमींचा क्रम होता. बदल्यांत काय जात असे? गुजराथ व दक्षिण हिंदुस्थान येथील सुती कापड. हबशांत सोनें आणि हस्तिदंत होतें, परंतु कापडाची भूक मोठी होती. आमच्याकडील विणकराचें ठाण जहाजांत चढलें आणि त्याच व्यापारांत परतीला मनुष्य उतरला. हबशांचा इतिहास लिहितांना हा हिशेब विसरतां कामा नये. त्यांत विकणाराच दोषी होता असें नाहीं, घेणारेही होते; आणि ते आमच्याच मुलखांत होते.

ह्याच समुद्रमार्गानें आमच्या देशांत आणखी एक परदेशी फार पूर्वीं आला आहे. ज्वारी आणि नाचणी हीं दोन्ही धान्यें मूळचीं पूर्व आफ्रिकेकडील होत, असें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे. संस्कृत निघंटूंत ज्वारीस ‘यावनाल’ म्हणतात. नगर जिल्ह्याची भाकरी ज्या धान्याची, त्याची जन्मभूमि हबशाच्या आसपासची आहे. तरी शाळूस कोणी परदेशी म्हणत नाहीं; कारण तो ह्या मातींत रुजला आणि ह्या मातीनें त्यास वाढविलें. मनुष्याचा न्याय धान्यापेक्षां निराळा असतो हें खरें. पण किती निराळा, हें पुढें पाहूं.

(३)

ह्या वाटेनें आलेल्या एकाच मनुष्याची हकीकत थोडी तपशिलानें मिळते. तो म्हणजे मलिक अंबर. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक हा इ. स. १६१७ त त्याच्या छावणींत जाऊन त्यास भेटला होता. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, अंबराचें मूळ नांव ‘चापू’ होतें आणि तो मोखा येथें विकला गेला होता. त्याचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमाराचा असून तो कंबाता प्रांतांतील असावा असें मानितात. पुढें बगदादचा मीर कासीम ह्यानें त्यास घेतलें, लिहावयास वाचावयास शिकविलें, मुसलमान केलें आणि ‘अंबर’ हें नांव दिलें. नंतर तो दक्षिणेंत आणला गेला आणि निजामशाहाचा पेशवा चंगीजखान ह्यानें त्यास विकत घेतलें. चंगीजखानाजवळ असे हजारभर हबशी होते म्हणतात.

येथें नांवांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ‘अंबर’ हा शब्द पाहतांच संस्कृतज्ञास आकाश किंवा वस्त्र आठवेल. पण येथें तो अर्थ नाहीं. समुद्रांतून मिळणारें जें सुगंधी द्रव्य, तें अरबींत अंबर. हबशी सरदारांचीं इतर नांवें पाहावीं : याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न, मरजान म्हणजे पोंवळें, काफूर म्हणजे कापूर, रेहान म्हणजे सब्जाच्या जातीची सुगंधी वनस्पति. पन्हाळ्यास वेढा घालणारा शिद्दी जौहर सर्वांस ठाऊक आहे. हीं सर्व मौल्यवान व्यापारी मालाचीं नांवें आहेत. वाणसामानाच्या यादींत जे जिन्नस, तींच माणसांचीं नांवें. धन्यानें कौतुकानें ठेविलीं असतील. परंतु नांव ठेवणारा बाप नव्हता, गिऱ्हाईक होता, हें त्यांवरून उघड होतें.

ह्याचा दुसरा परिणाम आमच्या दप्तरांत दिसतो. मराठी महजरांत मनुष्याचें नांव आलें कीं त्यापुढें ‘बिन’ लावून बापाचें नांव येतें, मग आडनांव किंवा वतन येतें. हबशाच्या नांवापुढें बहुधा कांहींच येत नाहीं. त्याच्या जागीं ‘हबशी’ किंवा ‘शिद्दी’ एवढेंच. ‘शिद्दी’ हा शब्द अरबी ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे धनी’, ह्यावरून आला असें बहुतेक मानितात. ज्यास दुसऱ्यानें विकत घेतलें, त्याच्याच जातीस ‘धनी’ ह्या अर्थाचें नांव पडावें, हा भाषेचा एक चमत्कारच होय.

आतां आरंभीं मांडलेल्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. इराणी मनुष्य दक्षिणेंत येई तो आपल्या इच्छेनें, आणि आपलें कुळ, आपली भाषा, आपला व्यापार बरोबर घेऊन येई. त्याचे भाऊबंद मागें असत. त्यांस तो पत्रें लिही, पैसे पाठवी, नव्या मंडळींस बोलावून घेई. नगर हें त्याचें चाकरीचें ठिकाण होतें, घर दुसरीकडे होतें. हबशाचें तसें नव्हतें. लहानपणींच त्याचें नांव, त्याचा धर्म, त्याची भाषा आणि त्याचे आईबाप हीं सर्व तुटलीं. परत जाण्यास त्यास वाट नव्हती, आणि गेल्यास ओळखणारें कोणी नव्हतें. धन्यानें स्वातंत्र्य दिलें कीं त्यास राहण्यास हाच देश. त्यानें बायको येथेंच करावी, इनाम येथेंच मिळवावा, थडगें येथेंच बांधावें. दूरत्व कोसांनीं मोजिलें तर हबशी परदेशी खरा. परंतु परत जाण्याच्या शक्यतेनें मोजिलें तर त्याच्याइतका दक्खनी दुसरा कोणी नाहीं. मात्र हें दक्खनीपण त्यानें मागून घेतलेलें नव्हतें. त्याच्यापासून दुसरें सर्व हिरावून घेतल्यावर जें उरलें तें होतें. हा भेद विसरून हबशांच्या उत्कर्षाचें केवळ कौतुक करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्यांचीं नांवें ग्रंथांत राहिलीं ते थोडे. ज्या हबशी स्त्रिया जनान्यांत आणि जे सामान्य शिपाई पागेंत मेले, त्यांचें नांव कोठेंच नाहीं.

(४)

हा पक्षभेद नगरांत किती तीव्र होता, ह्याचा साक्षीदार फिरिश्ता आहे. तो स्वतः परदेशी पक्षाचा आणि मूर्तजा निजामशाहाच्या चाकरींत होता. इ. स. १५८९ त दक्खनी आणि हबशी ह्यांनीं जमालखानाच्या पुढारीपणाखालीं उठाव केला आणि शहरांत परदेशी लोकांची कत्तल झाली. त्याच वर्षीं फिरिश्त्यानें नगर सोडून विजापूरचा रस्ता धरिला. त्याचा हबशांविषयींचा मजकूर वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

तथापि हबशी हा एकजुटीचा पक्ष होता असें समजणें चूक होईल. इ. स. १५९५ त इब्राहीम निजामशाह विजापूरकरांशीं झालेल्या लढाईंत पडला. तेव्हां गादीसाठीं चार पक्ष उभे राहिले. मियां मंजू ह्या दक्खनी सरदारानें अहमद नांवाच्या मुलास पुढें केलें. इखलासखान हबशानें मोती नांवाचा मुलगा आणला. अभंगखान हबशानें बुऱ्हाण निजामशाहाचा वृद्ध पुत्र शाह अली ह्याची बाजू घेतली. आणि चांदबिबी बहादूर ह्या बालकाच्या पाठीशीं उभी राहिली. म्हणजे चारांपैकीं दोन पक्ष हबशांचे, आणि तेही परस्परांविरुद्ध. मियां मंजूनें ह्या भांडणांत अकबराचा पुत्र मुराद ह्यास मदतीस बोलाविलें. घरच्या कलहांत मोगलांस बोलावणारा मनुष्य दक्खनी होता, हें लक्षांत घ्यावें. चांदबिबीनें वेढ्यास दिलेलें तोंड सर्वांस ठाऊकच आहे. इ. स. १५९६ त वऱ्हाड देऊन तह झाला, इ. स. १६०० च्या ऑगस्टांत, चांदबिबीचा तिच्याच लोकांनीं खून केल्यावर, किल्ला मोगलांच्या हातीं गेला. बहादूरशाह ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत कैदी झाला.

राजधानी गेली, राजा गेला. सामान्यतः येथें राज्याचा इतिहास संपावयाचा. पण तो पुढें छत्तीस वर्षें चालला, आणि त्यांतील सव्वीस वर्षें तो एका हबशानें चालविला.

(५)

चंगीजखान मेल्यावर अंबर स्वतंत्र झाला. कांहीं वर्षें विजापुरास चाकरी करून तो परत आला आणि अभंगखानाच्या पथकांत राहिला. आरंभीं त्याच्याजवळ दीडशें स्वार होते. नगर पडल्यावर त्यानें शाह अलीच्या मुलास परंड्यास मूर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसविलें आणि आपली मुलगी त्यास दिली. हबशांनीं स्वतः तख्तावर बसावें, असे प्रकार हिंदुस्थानांत घडले होते, बंगाल्यांत इ. स. १४८७ ते १४९३ ह्या काळांत हबशी सुलतान होऊन गेले. अंबरानें तो मार्ग घेतला नाहीं. राजा निजामशाहाच्या रक्ताचा, आणि कारभार आपला, अशी त्याची योजना होती. ज्यास स्वतःचें कुळ नव्हतें त्यानें दुसऱ्याच्या कुळाचा मान राखला, आणि त्यांतच त्याचें चातुर्य होतें. परंड्याहून जुन्नर, जुन्नराहून इ. स. १६१० त दौलताबाद असें राज्याचें ठाणें हललें. त्याच वर्षीं नगरचा किल्ला त्यानें मोगलांपासून परत घेतला आणि खडकी शहर वसविलें; तेंच पुढें औरंगाबाद झालें.

ह्या सुमारास हिंदुस्थानांत आलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच ह्यानें अंबराच्या सैन्यांत त्याच्या जातीचे दहा हजार आणि दक्खनी चाळीस हजार लोक असल्याचें लिहिलें आहे. आंकडे ऐकीव असतील. परंतु प्रमाण बोधप्रद आहे. केवळ हबशांच्या बळावर हें राज्य उभें नव्हतें. पांचांत चार माणसें ह्या देशचीं होतीं, आणि त्यांत मराठे स्वार मोठ्या संख्येनें होते. खुल्या मैदानांत मोगली तोफखान्यापुढें उभें न राहतां त्याची रसद मारावी, रात्रीं छापे घालावे, डोंगरांत ओढून न्यावें, हा जो ‘बर्गीगिरी’चा प्रकार, तो अंबरानें राज्याची नित्याची युद्धपद्धति करून टाकिली.

त्याचा दुसरा आधार म्हणजे गांव. त्यानें मक्त्यानें वसूल देण्याची रीत मोडली. जमिनीची प्रतवारी करून आकार बसविला. आरंभीं उत्पन्नाचे दोन-पंचमांश धान्यरूपानें घ्यावे, आणि पुढें अनुभवानें त्याचें रोख प्रमाण ठरवावें, तें सुमारें तृतीयांशाच्या आंत, अशी ही पद्धत ग्रांट डफनें वर्णिली आहे. मराठी कागदांत ती ‘मलिकंबरी’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, राजाचें नांव तिला लागलें नाहीं. मूर्तजा निजामशाहाच्या नांवाचा धारा कोणी ऐकिला नाहीं. पण आईबापांनीं दिलेलें नांव ज्याचें पुसलें गेलें, त्याचें बाजारांत पडलेलें नांव कुळकर्ण्यांच्या खर्ड्यांत पुढें पिढ्यान्‌पिढ्या राहिलें.

अंबराचे सर्व दिवस विजयाचे नव्हते. इ. स. १६१६ त रोषणगांवच्या लढाईंत त्याचा पराभव झाला आणि मोगलांनीं खडकी जाळली. त्यापूर्वीं कित्येक सरदार त्यास सोडून गेले होते; त्यांत मराठे होते तसे हबशीही होते. इ. स. १६१७ त तहानें नगरचा किल्ला पुन्हा गेला. जहांगीरानें आपल्या आत्मचरित्रांत त्याच्या वर्णावरून त्यास शिव्या दिल्या आहेत, आणि अबुल हसन ह्या चित्रकाराकडून, भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मस्तकावर बादशाह बाण सोडीत आहे, असें चित्रही काढविलें आहे. प्रत्यक्षांत तें मस्तक त्यास कधींच मिळालें नाहीं.

(६)

नगर जिल्ह्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा प्रसंग भातवडीचा. हें गांव, आजची भातोडी, नगरपासून पूर्वेस पांचसहा कोसांवर आहे. इ. स. १६२४ त मोगल व विजापूरकर एक झाले. विजापूरचा सेनापति मुल्ला महंमद लारी आणि मोगलांकडील लष्करखान हे एकत्र होऊन अंबरावर चालून आले. अंबर त्यांस चकवीत नगरच्या बाजूस आला आणि त्यानें भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या वाटेवर चिखल झाला, दाणावैरण तुटली, रात्रीं छापे पडूं लागले, आणि माणसें फुटून अंबराकडे येऊं लागलीं. शेवटीं लढाई होऊन मुल्ला महंमद पडला आणि लष्करखान कैद झाला. अंबराच्या बाजूनें शहाजीराजे लढले. त्यांचे बंधु शरीफजी ह्याच रणांत पडले. त्यांची समाधि भातोडीस आहे. जेधे शकावलींत ही लढाई शके १५४६ रक्ताक्षी संवत्सर, कार्तिक मास, ह्या जागीं घातली आहे. शिवभारतांत कवींद्र परमानंदानें तिचें संस्कृतांत वर्णन केलें आहे. शुहूर सन खमस अशरीन व अलफ हा होय.

ह्या लढाईंत दोन्ही बाजूंस सर्व प्रकारचे लोक होते. परंतु सेनापतींकडे पाहिलें तर आमचा प्रश्न पुन्हा समोर येतो. मुल्ला महंमदाच्या नांवांतील ‘लारी’ हें उपपद इराणांतील लार गांवाचें. तो दक्षिणेंतील एका राज्याचा सेनापति असूनही त्याच्या नांवांत त्याचें गांव शाबूत आहे. अंबराच्या नांवांत कोणतेंही गांव नाहीं. मात्र भातवडीचा तलाव कोठें आहे, बांध कोठें फोडला असतां पाणी कोणत्या वाटेनें जाईल आणि कोणती जमीन किती दिवस वाळणार नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. देशाची ओळख ती ही. ती जन्मपत्रिकेंत लिहिलेली नसते.

(७)

जेधे शकावलीप्रमाणें मलिक अंबर शके १५४८ क्षय संवत्सरीं वैशाखांत अमरापुरीं वारला. इंग्रजी गणनेनें ता. १४ मे १६२६. ‘अमरापुरीं’ ह्या शब्दानें संस्कृतज्ञानें फसूं नये. तें स्वर्गाचें नांव नसून गांवाचें नांव आहे. ह्या नांवाचें गांव नगर जिल्ह्यांतच शेवगांव तालुक्यांत आहे. अंबराचें थडगें खुलदाबादेस असून जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचें थडगें आहे. तो मेल्यावर मोगलांचाच इतिहासकार मुतमदखान ह्यानें त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मुक्तकंठानें स्तुति केली.

त्याच्यामागें काय राहिलें? हबशांची सत्ता राहिली नाहीं. हमीदखान ह्या हबशानें तीन लक्ष होनांच्या लोभानें बालाघाटाचा मुलूख मोगल सुभेदार खानजहान लोदी ह्यास देऊन टाकिला. अंबराचा पुत्र फत्तेखान ह्यानें पुढें मूर्तजाशाहाचा वध केला, एका बालकास गादीवर बसविलें, आणि इ. स. १६३३ त दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन करून तो त्यांचा वर्षासनकरी झाला. ज्यानें सर्व हिरावलें गेलें असतां देश आपला केला, त्याचा मुलगा. आणि ज्यास हा देश जन्मतःच मिळाला, त्यानें तो विकला. दक्खनीपण हें रक्तानें वंशजांकडे जात नाहीं, ह्याहून दुसरा पुरावा नको.

उलट, अंबराची पद्धत ज्यानें उचलली तो हबशी नव्हता. इ. स. १६३३ त शहाजीराजांनीं संगमनेर तालुक्यांतील पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही वंशांतील एका मुलास मूर्तजा म्हणून गादीवर बसविलें आणि तीन वर्षें मोगलांस दाद दिली नाहीं. परंड्यास इ. स. १६०० त जें घडलें त्याचीच ही पुनरावृत्ति. राजधानी शत्रूच्या हातीं, राजा कैदेंत, तरी गांव, घाट आणि स्वार हातीं असले म्हणजे राज्य चालतें, हा धडा अंबरानें घालून दिला होता. इ. स. १६३६ त माहुलीस शहाजीराजांस शरण जावें लागलें आणि निजामशाही संपली; धडा संपला नाहीं. तो पुढें कोणीं कसा गिरविला, हें महाराष्ट्रास सांगण्याची आवश्यकता नाहीं.

कोंकणांत मात्र हबशांनीं आपलें राज्य राखलें. जंजिऱ्याचे शिद्दी मूळचे निजामशाही अंमलदार; निजामशाहीनंतर ते आदिलशाहाचे आणि पुढें मोगलांचे चाकर झाले, आणि त्यांचें संस्थान इ. स. १९४८ पर्यंत टिकलें. त्यांच्या मुलखास आमचे लोक ‘हबसाण’ म्हणत. ह्या एका शब्दांत सर्व इतिहास सांठला आहे. समुद्रापलीकडचा देश ज्यांस परत मिळणें नव्हतें, त्यांच्यामागून त्या देशाचें नांवच समुद्र ओलांडून राजपुरीच्या खाडीस आलें.

(८)

एवढ्या विवेचनावरून आमचा निष्कर्ष असा. दक्षिणेच्या राजकारणांत ‘परदेशी’ हा शब्द जन्मभूमीचा वाचक नव्हता, संबंधांचा वाचक होता. ज्याचा एक पाय बाहेर, तो परदेशी. ज्याचे दोन्ही पाय येथें, तो दक्खनी. हबशांचे दोन्ही पाय येथें आले ते बेडीनें, हें त्यांच्या बाबतींतील दुःख. आणि त्या पायांनीं त्यांतील कांहींजण ह्या भूमीसाठीं उभे राहिले, हा त्यांचा मोठेपणा. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं सांगितल्या तरच इतिहास खरा होतो.

शेवटीं, ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत अशा वाचकांस एक विनंति. नगर, शेवगांव, संगमनेर, जुन्नर, परंडा ह्या भागांतील सन अलफनंतरच्या तीसपस्तीस वर्षांच्या कागदांत हबशी किंवा शिद्दी हवालदार, ठाणेदार, मोकासदार ह्यांचीं नांवें अवश्य आढळतील. तीं ‘कोणी मुसलमान अंमलदार’ म्हणून सोडून देऊं नयेत. नांव, हुद्दा, गांव, शुहूर सन आणि शिक्का असल्यास त्याचें वाचन, एवढें टिपून ठेवावें. अंबर व याकूत हीं नांवें अनेकांचीं असल्यामुळें प्रत्येक अंबर म्हणजे मलिक अंबर, असें धरूं नये. ज्यांच्या नांवापुढें बापाचें नांव नाहीं, त्यांचा वंश शोधणें शक्य नाहीं. पण त्यांनीं कोणत्या गांवीं कोणता कौल दिला, कोणता बांध दुरुस्त केला, कोणाचें इनाम चालविलें, हें शोधणें शक्य आहे. त्यांचा तोच वंश, आणि तो आमच्या दप्तरांतच आहे.